पत्ते संपले, सवय राहिली

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला पिनकोड मिळाला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या सहा आकड्यांतली खुबी अशी, की पहिला ४ दिसला की पत्र पश्चिमेच्या थैलीत पडतं. गल्ली कुठली, याची चिंता शेवटच्या पोस्टमनने करायची.

इंटरनेटही असंच चालतं. मजकुराचे तुकडे होतात, ती पॅकेट्स. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता. वाटेतला राउटर पत्त्याचा पुढचा भाग पाहून पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. पोचलेले तुकडे क्रमाने जुळवणं आणि हरवलेले पुन्हा मागवणं हे टीसीपी या नियमावलीचं काम. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अमेरिकेचं अर्पानेट या पद्धतीवर आलं.

पत्ता ठरला ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. तेव्हा जगाची लोकसंख्याच त्याहून जास्त होती! पण संगणक दर माणशी कुठे होते? वाटपही सढळ हातानं झालं. एकट्या एमआयटीला १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. पंगत बसून बराच वेळ झाला होता.

टंचाईवर तोडगा निघाला ‘नॅट’चा. सोसायटीच्या फाटकावर एकच पत्ता, आत खोल्यांचे खासगी क्रमांक (तुमच्या वाय-फायचा १९२.१६८ त्यातलाच), आणि कुणाचं उत्तर कुणाकडे द्यायचं याची नोंद रखवालदाराच्या वहीत. सोय झाली खरी, पण आतून कुणी हाक दिल्याशिवाय बाहेरच्याला दार उघडत नाही. मोबाइल कंपन्या तर अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. त्यातल्या एकाने आगळीक केली, की शेजाऱ्यांनाही दारं बंद.

खरं उत्तर, १२८ बिटांचा आयपीव्ही६, १९९८ मध्येच लिहून तयार होतं. जुन्या पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, तरी जग ‘नॅट’च्या तात्पुरत्या ठिगळावरच निभावत राहिलं. गंमत म्हणजे, जुन्या पत्त्यांचा साठा नसल्यानेच २०१६ नंतर भारतातली मोबाइल जाळी नव्या पत्त्यांवर झपाट्याने गेली आणि आपण या बाबतीत आघाडीच्या देशांत आलो. मागे राहिली आहेत ती कचेऱ्या-महाविद्यालयांची जुनी जाळी. तुमच्या संस्थेत यंदा नवा राउटर येणार असेल, तर निविदेत आयपीव्ही६ची अट घाला.