कार्ड विकण्याआधी ड्रायव्हर बघा

विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आपल्या काउंटरवर येणाऱ्या जुन्या पीसींची तऱ्हा बदलली. सातव्या पिढीपर्यंतचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ त्यावर रीतसर बसत नाही. नवा पीसी घ्यावा तर रॅमचे भाव कडाडलेले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचं उत्पादन स्वतःकडे ओढून घेतलं आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मग गिऱ्हाईक म्हणतं, “आहे त्यातच काहीतरी बसवून द्या.” हे ‘काहीतरी’ बहुतेक वेळा लिनक्स मिंट किंवा उबंटू असतं. पंचवटी असो, सिडको असो की नाशिकरोड, आपल्या धंद्यात हे काम आता नवलाचं राहिलेलं नाही.

ज्याचं काम ब्राउझर, छपाई आणि मराठी टायपिंग एवढ्यावर भागतं, त्याचा पीसी लिनक्सवर टाकून दिला की तो वर्षभर दुकानाची पायरी चढत नाही. खरी परीक्षा होते ती गंगापूर रोड, कॉलेज रोडवर खोली घेऊन राहणाऱ्या पोरांच्या बाबतीत. धुळ्याहून, नंदुरबारहून, चांदवड-मनमाडहून शिकायला आलेला मुलगा मोठ्या भावाचा जुना असेंबल पीसी घेऊन येतो आणि विचारतो, “दादा, यावर गेम चालतील ना?” आपल्यातले काही जण पटकन ‘नाही’ म्हणून मोकळे होतात, काही जण ‘सगळं चालतं’ म्हणून फॉरमॅट मारायला घेतात. दोन्ही उत्तरं त्या मुलाचं नुकसान करतात. कॅबिनेट उघडून आत कोणतं ग्राफिक कार्ड आहे, त्याची पिढी कोणती आणि त्या पिढीला लिनक्सवर कोणता ड्रायव्हर मिळतो, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

विंडोजवर खेळताना आपण कार्डाची ताकद मोजतो. लिनक्सवर ताकदीआधी ड्रायव्हर पाहावा लागतो. २०१२ मधलं रेडिऑन एचडी ७९५० आणि २०१६ मधलं जीटीएक्स १०६० शेजारी ठेवा. नुसत्या वेगात १०६० पुढे आहे, त्यात वाद नाही. पण एएमडीने २००७ मध्ये आपल्या चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ‘एएमडीजीपीयू’ हा खुला ड्रायव्हर थेट लिनक्स कर्नलमध्ये आला. याच कंपनीने जून २०२१ मध्ये विंडोजवर एचडी ७००० मालिकेला नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. लिनक्सवर मात्र त्या कार्डांवर काम चालूच राहिलं. ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वसाठी काम करणारे टिमूर क्रिश्टोफ यांनी या जुन्या चिपमधले राहून गेलेले दोष एकेक करून काढले आणि ६.१९ या कर्नलपासून ही कार्डं जुन्या ‘रेडिऑन’ ड्रायव्हरऐवजी आपोआप ‘एएमडीजीपीयू’वर चालू लागली. त्याआधीच्या कर्नलवर हेच करायला ग्रब या बूटलोडरमध्ये हाताने दोन पर्याय लिहावे लागत. आपल्याकडे बजेट पीसीत ढिगाने बसवलेलं आर७ २४० हेही याच घराण्यातलं. विंडोजवर २०२१ मध्येच मोडीत निघालेल्या कार्डाला लिनक्सवर नवा ड्रायव्हर मिळतो, तो केवळ त्याचा कोड कुणालाही हात घालता येईल असा उघडा असल्यामुळे.

आता १०६० कडे या. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कंपनीच्याच हातात. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलपुरता भाग खुला केला खरा, पण तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी. म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ७५० टीआय, ९६०, १०५० टीआय, १०६० ही मंडळी ड्रायव्हरच्या ५८० या शाखेवर थांबली. ५९० च्या शाखेने त्यांना वगळलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्सने ५९० स्वीकारली, तेव्हा अपडेट करून बसलेल्या पास्कलवाल्यांचे डेस्कटॉप उठेनात. ५८० ला सुरक्षा दुरुस्त्या २०२८ पर्यंत मिळतील, तोवर १०६० चालेल आणि चांगलं चालेल. त्यानंतर हातात उरतो ‘नूव्हो’ हा स्वयंसेवकांनी उभा केलेला खुला ड्रायव्हर. मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून एनव्हिडियाने कंपनीच्या सहीचं फर्मवेअर सक्तीचं केलं, आणि क्लॉकची गती वाढवण्यासाठी लागणारं फर्मवेअर या पिढ्यांसाठी कधी दिलंच नाही. त्यामुळे नूव्होवर पास्कल कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राहतं. चिप धडधाकट, पंखा फिरतोय, मेमरी शाबूत, तरी खेळ चालत नाही. एखादा गाडी बनवणारा इंजिन उत्तम ठेवून गिअरबॉक्सची किल्ली स्वतःकडेच ठेवतो, तसला हा प्रकार आहे आणि तो मला मनापासून खटकतो. एनव्हिडियाचं मोठं कार्यालय आपल्या पुण्यात आहे, मराठी इंजिनिअर तिथे नोकरीला आहेत, म्हणून तर जास्तच.

सगळ्यात वाईट गत जीटी ७१० आणि केपलर चिपच्या जीटी ७३० ची. गेल्या दहा वर्षांत ‘ग्राफिक कार्ड आहे’ एवढंच बिलावर लिहिण्यासाठी आपण ही कार्डं सढळ हाताने विकली. ती ४७० च्या शाखेवर थांबली आणि त्या शाखेचा आधार २०२४ मध्ये संपला. त्यात व्हल्कन १.२ पर्यंतच मिळतं. हा आकडा का महत्त्वाचा, ते समजून घ्यायला हवं, कारण गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर तिथेच दडलेलं आहे.

विंडोजचा खेळ डायरेक्टएक्सच्या भाषेत कार्डाशी बोलतो. लिनक्सवर डायरेक्टएक्स नाही, तिथे हे काम व्हल्कन करतं. फिलिप रेबोले यांना ‘निअर ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्यांनी डायरेक्टएक्स ११ च्या आज्ञा व्हल्कनमध्ये उलथवणारा ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतला. व्हॉल्वने त्यांना हाताशी धरलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन व डीएक्सव्हीके एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ स्टीममध्ये आणलं. डायरेक्टएक्स १२ साठी ‘व्हीकेडी३डी-प्रोटॉन’ हा निराळा भाग आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएक्सव्हीकेची २.० आवृत्ती आली आणि तिने व्हल्कन १.३ ची अट घातली. म्हणजे ज्या कार्डाच्या ड्रायव्हरला व्हल्कन १.३ येत नाही, त्याच्यासाठी आजचं प्रोटॉन बंद. जीटी ७१० इथे बाद. चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेलमधलं अंगभूत ग्राफिक्स इथे बाद. एचडी ६४५० सारख्या जुन्या रेडिऑनला तर व्हल्कनच नाही. डीएक्सव्हीकेची १.१०.३ ही जुनी आवृत्ती हाताने बसवून केपलरवर काही जुने खेळ चालवता येतात, पण तो छंद झाला. पैसे घेऊन द्यायची सेवा नव्हे. सहाव्या पिढीपासूनचं इंटेल ग्राफिक्स ही अट पुरी करतं, हलके खेळ त्यावर निभतात.

चालणाऱ्या बाजूला यादी मोठी आहे आणि ती छातीठोक सांगावी. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर मूळचेच लिनक्सवर आहेत. एल्डन रिंग, रेड डेड रिडेम्पशन २, जीटीए ५ ची कथा हे सगळं प्रोटॉनवर चालतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा आपल्या मातीतला खेळ विंडोजसाठी निघाला, तोही प्रोटॉनवर खेळता येतो, माझ्या मते गिऱ्हाइकाला दाखवून पाहायला याहून चांगला खेळ नाही. मात्र डायरेक्टएक्स १२ च्या खेळांत एनव्हिडिया कार्डावर विंडोजपेक्षा फ्रेम कमी मिळतात, ही पोरांची तक्रार खरी आहे. ती आधीच सांगावी.

आणि न चालणारं त्याहून आधी सांगावं. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, कारण त्याचं व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्येच घर करतं. फोर्टनाइट नाही, पीसीवरचं पबजी नाही. एपेक्स लेजंड्स आधी चालत होतं, २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सला दार बंद केलं. जीटीए ऑनलाइनचंही सप्टेंबर २०२४ मध्ये तेच झालं. यात ड्रायव्हरचा दोष नाही, आपल्या कौशल्याचाही नाही. खेळाच्या मालकाने घेतलेला तो निर्णय आहे. ज्या मुलाचे सगळे मित्र रात्री व्हॅलोरंट खेळतात त्याला लिनक्स टाकून देणं म्हणजे त्याला त्या मित्रांतून उठवणं. अशा वेळी काम हातचं गेलं तरी चालेल, त्याला तसं स्पष्ट सांगा.

बसवण्याच्या कामात जिथे सर्वांत जास्त घोळ होतात तो क्षण दुकानात घडत नाही, गिऱ्हाइकाच्या घरी घडतो. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर डीकेएमएसने एनव्हिडियाचा ड्रायव्हर बांधला की मध्येच एक पासवर्ड मागितला जातो. आपण घाईत काहीतरी आकडे टाकतो, संध्याकाळ झालेली असते, पीसी बंद करून देतो. घरी पहिल्यांदा चालू केल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंद उलटी मोजणी होते. कळ दाबली नाही तर तो निघून जातो. दाबली तर यादी येते : पहिली ओळ ‘कंटिन्यू बूट’, दुसरी ‘एनरोल मॉक’. घरातलं माणूस अर्थातच पहिली ओळ निवडतं. ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदली जात नाही, कर्नल ड्रायव्हर उचलत नाही, नूव्होला तर इन्स्टॉलरने आधीच बंद करून ठेवलेलं असतं. पडद्यावरची अक्षरं मोठी होतात, माऊस ओढल्यासारखा फिरतो, स्टीम उघडलं तरी खेळ दोन फ्रेमवर रांगतो. ‘जीएलएक्सइन्फो’ चालवून पाहिलं तर रेंडररच्या जागी ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं दिसतं, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर एकटा काढतोय. गिऱ्हाइकाच्या लेखी कार्ड गेलं. तेव्हा दुसरी ओळ निवडून, पासवर्ड देऊन, पुन्हा चालू करून, रेंडररमध्ये कार्डाचं नाव दिसेपर्यंत पीसी आपल्या टेबलावरून उठू देऊ नका.

दुसरा घोळ विंडोजच्या काळातल्या डिस्कचा. खेळ साठवलेलं एनटीएफएस पार्टिशन तसंच ठेवून त्यावरून प्रोटॉन चालवायला गेलं की खेळ बरेचदा सुरू होण्याआधीच बंद पडतो. लायब्ररी ईएक्सटी४ वर हलवायची, दुसरा उपाय शोधत बसू नये. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर खेळ नेमका कोणत्या चिपवर धावतोय तेही तपासायचं. बरेचदा एनव्हिडिया झोपलेलं असतं आणि इंटेल घाम गाळत असतं.

सेकंडहँड कार्ड शोधून देताना लिनक्सच्या गिऱ्हाइकाला मी आज १०६० ऐवजी आरएक्स ५७० किंवा ५८० सुचवेन. दोन्ही २०१७ ची, बाजारात मुबलक, आणि ‘मेसा’ या खुल्या ग्राफिक ड्रायव्हरांच्या संचातला ‘आरएडीव्ही’ हा व्हल्कन ड्रायव्हर त्यांना अजून सांभाळून घेतो. हा ड्रायव्हर डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी २०१६ मध्ये एएमडीच्या बाहेर राहून सुरू केला होता. २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा वेगळा व्हल्कन ड्रायव्हर बंद करून याच्याच मागे उभं राहायचं ठरवलं. फक्त या कार्डांपैकी पुष्कळशी क्रिप्टो नाणी खोदण्याच्या शेडमधून आलेली आहेत, बायोस बदललेली. मूळ बायोस परत घालून, तासभर भार देऊन पाहिल्याशिवाय ती विकू नयेत.

नव्या कार्डाच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. आज विकलेलं कार्ड आठ-दहा वर्षांनी पुन्हा आपल्याच नाहीतर शेजारच्या काउंटरवर येणार आहे. आणि कार्ड कचऱ्यात जातं ते पुष्कळदा जळून नव्हे, ड्रायव्हर संपून. एनव्हिडियाकडे ट्युरिंगपासून पुढे परिस्थिती सुधारली आहे. त्या पिढ्यांना गतीचं फर्मवेअर मिळतं, मेसामधला ‘एनव्हीके’ हा खुला व्हल्कन ड्रायव्हर वेग धरतो आहे. त्यामुळे आरटीएक्स घेणाऱ्याला अडवायचं कारण नाही. पण त्याच किमतीत रेडिऑन मिळत असेल आणि मशीनवर लिनक्सच राहणार असेल, तर आपला कल कुठे असावा हे वरच्या ७९५० आणि १०६० च्या कहाणीवरून दिसतंच.

एक विनंती. जॉब शीटवर ‘लिनक्स टाकले’ एवढंच लिहायची सवय सोडू या. कार्डाचं मॉडेल, कर्नलचा आकडा, ड्रायव्हरची शाखा, सिक्युअर बूट चालू की बंद, आणि गिऱ्हाइकाला ‘हे खेळ चालणार नाहीत’ म्हणून सांगितलेली नावं, इतकं लिहून त्याची सही घ्या. सहा महिन्यांनी कर्नल अपडेट होऊन पडदा काळा झाला, तर त्या कागदावरून दहा मिनिटांत कळेल की जुना कर्नल निवडायचा की शाखा बदलायची. पुढच्या अंकापासून आपल्या भागात जास्त आढळणाऱ्या कार्डांचा तक्ता आम्ही छापणार आहोत : पिढी, व्हल्कनचा आकडा, योग्य ड्रायव्हर आणि त्याची मुदत. त्यासाठी तुमच्या जॉब शीटवरच्या नोंदी, गिऱ्हाइकाचं नाव वगळून, महिनाअखेरपर्यंत संपादकीय कार्यालयाकडे पाठवाव्यात. अयशस्वी ठरलेली कामं आधी पाठवा, तक्त्याला त्यांची गरज जास्त आहे.