गाड्या वाढवा, पण उपाशी धाडू नका



‘रेल्वेत खाण्यापिण्याचे लाड बंद करा, त्यापेक्षा गाड्या वाढवा’ असा सूर हल्ली सर्रास ऐकू येतो. सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना भागातल्या खानदेशी कामगारांना तो चटकन पटतोही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी निघालेल्याला जनरल डब्यात उभे राहायला मिळाले तरी पुष्कळ. पँट्रीची चौकशी करतो कोण?

ब्रिटनमध्ये मात्र हा प्रयोग होऊन गेला आहे. व्हर्जिन क्रॉसकंट्री कंपनीने सप्टेंबर २००२मध्ये फेऱ्या जवळपास दुप्पट केल्या आणि लांब गाड्या काढून चार-पाच डब्यांच्या ‘व्हॉयेजर’ आणल्या. गर्दी मावेना, वेळापत्रक कोलमडले आणि काही महिन्यांतच फेऱ्यांना कात्री लागली. पुढे हे मार्ग दुसऱ्या कंपनीकडे गेले, तेव्हा डब्यातले खाण्याचे दुकानही जाऊन ट्रॉली आली. खच्चून भरलेल्या डब्यात ती ढकलायची कशी?

फेऱ्या वाढल्याने गाडीची वाट पाहण्याचा वेळ वाचतो, प्रवासाचे तास तेवढेच राहतात आणि त्या तासांत भूक लागतेच.

आपल्याकडे खानदेशात नेणाऱ्या उधना–जळगाव या ३०६ किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाचे व विद्युतीकरणाचे लोकार्पण फेब्रुवारी २०१९मध्ये झाले. त्याच वेळी खानदेश एक्स्प्रेसही सुटली. रूळ दुप्पट झाले, तेव्हा गाड्या वाढवण्याची मागणी रास्तच आहे. पण स्टेशनागणिक थांबणाऱ्या पॅसेंजरला पँट्री नसतेच. उलट पुणे–मुंबई हे १९२ किलोमीटर अंतर सुमारे सव्वातीन तासांत कापणाऱ्या डेक्कन क्वीनमध्ये टेबलाशी बसून ऑम्लेट खाता येते. १ जून १९३०ला सुरू झालेल्या या गाडीला २०२२मध्ये नवे डबे आले, तरी डायनिंग कार राखली गेली. म्हणजे मनात आले की रेल्वेला जमते.

खानदेशी प्रवासी डायनिंग कार मागत नाही. रेल्वेने २०२३मध्ये जनरल डब्यांसमोर स्वस्त जेवणाचे काउंटर लावण्याची योजना आणली: वीस रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे, पन्नास रुपयांत नाश्त्याचे पोटभर पदार्थ. उधना, नंदुरबार, अमळनेरला हे काउंटर पॅसेंजर लागते त्याच फलाटावर, गाडीच्या वेळेला रोज उघडे हवेत. नवी गाडी जाहीर करताना जेवणाचा थांबा कुठे आणि किती मिनिटांचा, हेही पश्चिम रेल्वेने वेळापत्रकातच छापावे.

— एक वाचक, बमरोली, सुरत