प्रयोग कोणाच्या हातात?



दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. फळ्यावर रंगीत खडूने चित्र निघते, भाषण होते, टाळ्या वाजतात. दुसऱ्या दिवशी ‘पाण्याच्या तीन अवस्था असतात’ हे वाक्य पाच वेळा लिहायला दिले जाते. आधणाच्या वाफेचा चटका जिने सकाळीच सोसला आहे, ती मुलगीही ते निमूट लिहिते. त्या चटक्याचा आणि या वाक्याचा काही संबंध आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

स्त्रियांच्या त्रैमासिकात शाळेतल्या विज्ञानावर संपादकीय कशाला, असे काहीजणी विचारतील. शिबिरांत मला आजही हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: “ताई, पाळीत शिवलं तर लोणचं खरंच नासतं का हो?” विचारणाऱ्या बायका अनेकदा दहावी-बारावी झालेल्या असतात. विज्ञानाचा पेपर त्या पास झालेल्या असतात, पण एखादी गोष्ट खरी की खोटी हे आपले आपण तपासता येते, हे त्यांना शाळेने कधी शिकवलेलेच नसते.

हे शिकवायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. तिसरी-चौथीच्या वर्गात भाकरीचे दोन तुकडे घ्या. एक कडक वाळवलेला, एक पाणी शिंपडलेला. झाकणाच्या दोन सारख्या बरण्यांत घालून एकाच ठिकाणी ठेवा. मुलांनी झाकण न उघडता रोज बघायचे आणि दिसेल ते वहीत काढायचे. काही दिवसांत ओल्या तुकड्यावर बुरशी धरते, वाळलेला तसाच राहतो. बाकी सगळे सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची, हे सूत्र मुलांच्या हाती लागते. पुढच्या वेळी एक तुकडा धुतलेल्या हाताने हाताळा, एक मळक्या हाताने, आणि काय होते ते बघा. हा प्रयोग केलेली मुलगी उद्या घरी विचारेल, की लोणच्यात ओला चमचा गेला होता का, मीठ कमी पडले का, वर तेल होते का? हात धुतलेला होता का, हेही विचारेल. हात कोणाचा आणि तिला पाळी आली होती का, हा प्रश्न आपोआप गळून पडेल. विटाळावर दहा भाषणे देऊन जे साधत नाही, ते दोन बरण्यांनी साधू शकते.

आपल्याकडे याची परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिकण्याचे साहित्य. त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकट्याला सांभाळणारी मुलगी त्यामुळेच शाळेत बसू शकली. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, परीक्षेला पुस्तक उघडून बसत. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम सरकारने २००२ साली बंद केला. प्रश्न विचारणारी मुले कोणत्याच सत्तेला फारशी सोयीची नसतात.

मात्र ‘कृतीतून शिक्षण’ एवढे म्हटल्याने मुलींचे भागत नाही. कृती कोणाची, हे बघावे लागते. मी पाहिलेल्या कित्येक वर्गांत भिंग, तराजू, बॅटरी मुलग्यांच्या हातात असते. मुली सुवाच्य अक्षरात निरीक्षणे लिहितात आणि शेवटी भांडी विसळून ठेवतात. म्हणजे घरचीच वाटणी शाळेतही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड चेंबर्स यांच्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. स्त्री-शास्त्रज्ञ काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या सगळ्या मुली होत्या. ‘स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा’ हे वाक्यही जपून वापरू या. बायकांचे ज्ञान त्यातून मानाने वर्गात येत असेल तर जरूर यावे. पण मुलीने तिथेच राहावे म्हणून कोणी ते म्हणत असेल, तर मुलग्यांनाही कणीक भिजवायला बसवा आणि मुलींच्या हाती पाना-पक्कड द्या.

शिक्षिकांवर सगळे ढकलून आपण मोकळ्या होऊ नये. जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते, यांतून वेळ उरला तर त्या प्रयोग घेणार. म्हणून आपण काय करायचे? शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. अनेक ठिकाणी त्या सहीपुरत्या असतात. पुढच्या बैठकीला जा आणि विचारा, की विज्ञानाची पेटी कुलपात का? या महिन्यात किती प्रयोग झाले? साहित्य मुलींच्या हातात पाळीपाळीने येते का?

वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे १९७६ पासून राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. आठ वर्षांची मुलगी नागरिकच आहे. तिच्या हातात भिंग द्या. ती काय काय तपासून बघते, ते बघायची आपलीही तयारी हवी. कारण आज ती भाकरीवरची बुरशी बघेल आणि उद्या आपल्या घरातल्या चालीरीतीही बघेल.