खेळ खरा, पण नियमांचा



विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. जयंत नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये क्रिकेट आहे, म्हणून ती नुसती गंमत? पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोके चिकटवा. तिच्यावरून डाव्या हाताचे चित्र पुरते एकदा फिरवून आणले की ते उजव्याचे होते. मोबियस पट्टीचा हाच गुण त्या कथेचा पाया आहे. (१९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. आद्याक्षरेही उलटी!)

पत्रलेखकांचा दुसरा आक्षेप, विज्ञानकथांत शून्यातून ऊर्जा काढल्याचा. हॉईल-नारळीकरांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांतात नवे द्रव्य जन्मते, तेव्हा ऋण ऊर्जेचे क्षेत्र तेवढीच रक्कम नावे टाकते. आमच्याकडे केळीच्या बागेचा हिशेबही असाच जमा-नावेचा. निरीक्षणांनी तो सिद्धांत मागे पडला, हे खरे. पण बेरीज चुकली म्हणून नव्हे. पत्रलेखकांनी गणपतीची ती कथा पुन्हा वाचावी, पट्टी हातात घेऊन.

– एक वाचक, शाहपूर (जि. बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश)