सात, बारा आणि सातबारा

पवित्र शास्त्रातील आकड्यांवरून भाविकांना भिववण्याचा जो उद्योग आपल्या घराघरांत शिरला आहे, त्याविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे. कुणी पत्रके वाटतो, कुणी मोबाइलवरून चित्रफिती धाडतो. आधार कार्ड आले तेव्हा ते श्वापदाची खूण ठरले. महामारीत लस आली तेव्हा लस ठरली. आधारचा क्रमांक बारा अंकी आहे आणि बारा ही तर प्रेषितांची संख्या, हे मात्र या गणितज्ञांपैकी एकालाही सुचले नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर अशा मंडळींना आयतेच साहित्य आहे. प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात समुद्राचा तिसरा हिस्सा रक्त होतो, मग आकाशातून एक जळता तारा पडतो. त्याचे नाव कडूदवणा; त्याने पाण्याचा तिसरा हिस्सा कडू होतो. लोणारलाही आकाशातून पाषाण पडला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर झाले, त्यातले पाणी खारट, आणि २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबीही झाले! आणखी काय हवे? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासले, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे निष्पन्न झाले. पाषाण केव्हा पडला, याचे पूर्वीचे एक अनुमान सुमारे ५० हजार वर्षांचे होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. आता सतराव्या शतकातील आयर्लंडचे अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांचा हिशेब पाहा. त्यांनी कुलपित्यांची वये आणि राजांच्या कारकिर्दी मांडून सृष्टीची निर्मिती इ.स.पूर्व ४००४ मध्ये झाली असे ठरवले. म्हणजे दोहोंपैकी कोणतेही अनुमान घेतले तरी लोणारचा खड्डा सृष्टीच्या कितीतरी आधीचा! खड्डा खोटे बोलत नाही. अशर विद्वान होते, प्रामाणिकही होते; जेथे अर्थ समजून घ्यायचा तेथे त्यांनी बेरीज केली.

हा प्रमाद मराठी माणसाने तरी करू नये. एखादा बारा गावचे पाणी प्यायलेला आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या गावांची यादी कुणी मागत नाही. सात पिढ्यांचा उद्धार होतो, माणूस सातासमुद्रापार जातो, धनिकाला आपण नवकोट नारायण म्हणतो. ते नऊ कोट मोजायला तलाठी येत नाही. इस्राएल लोकही असेच बोलत. सात म्हणजे परिपूर्णता, कारण सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला. बारा म्हणजे देवाची अखंड प्रजा. चाळीस म्हणजे कसोटीचा काळ: जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, रानातली भटकंती चाळीस वर्षे, प्रभूचा उपवास चाळीस दिवस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज प्रसृत केला, त्याच्या बाराव्या परिच्छेदात हेच बजावले आहे की, पवित्र लेखकाने त्या काळच्या कोणत्या वाङ्मयप्रकारात लिहिले ते आधी पाहावे. साठ वर्षे झाली. आमच्या किती घरांपर्यंत तो परिच्छेद पोहोचला?

संत मत्तयाची वंशावळी घ्या. तो चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट मांडतो आणि ते जमवण्यासाठी योराम व उज्जीया यांच्यामधले तीन राजे बेलाशक गाळतो. तिसऱ्या गटात नावे मोजली तर तेराच भरतात. जकातदाराला मोजता येत नव्हते काय? हिब्रूत अक्षरे हेच आकडे. दावीद या नावातील तीन अक्षरांची बेरीज चार, सहा आणि चार अशी चौदा होते. हा येशू दावीदाचा पुत्र आहे, एवढेच तो तीनदा ओरडून सांगतो आहे.

भीतीचा बादशहा ६६६ याचीही कथा तीच. नेरोन कैसर हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते. शेवटचा 'न' गाळला तर ६१६, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत नेमका ६१६ हाच आकडा आढळतो. छळ सोसणाऱ्या ख्रिस्तसभेला संत योहान खुणेच्या भाषेत धीर देत होता. त्या धीराच्या पत्राची आज आपण धमकीची चिठ्ठी केली आहे, आणि मोटारीच्या पाटीवर तो आकडा आला तर ती बदलून घ्यायला धावतो आहोत.

सर्वांत क्रूर खेळ १,४४,००० या आकड्याचा. तेवढेच तरणार, जागा भरत आल्या आहेत, असे एखाद्या विधवेला तिच्याच ओसरीवर बसून सांगायचे! बारा गुणिले बारा गुणिले हजार, म्हणजे जुनी प्रजा, नवी प्रजा आणि अपारता. आणि त्याच सातव्या अध्यायात, अवघ्या काही ओळी पुढे, कुणालाही मोजता येणार नाही असा सर्व राष्ट्रांतला जनसमुदाय योहान पाहतो. पत्रकवाले तेथपर्यंत वाचतच नाहीत.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांवरून पाऊसपाणी, पीकपरिस्थिती सांगतात. ज्याचे सारे पावसावर अवलंबून, त्याला उद्याची उत्सुकता असणारच. त्या शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते शास्त्राचीच घटमांडणी करणाऱ्यांशी. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानिएलच्या २,३०० दिवसांवरून २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या आगमनाचा दिवस काढला. शेतातली पिके न काढताच वाट पाहत बसलेलेही त्यांत होते. त्याच्या चौदा शतके आधी संत अगस्तीन अशा हिशेब्यांना बोटे सैल सोडून स्वस्थ बसायला सांगून गेले होते. ते स्वतः आकड्यांचे रसिक! योहानाच्या जाळ्यातील १५३ मासे म्हणजे एक ते सतरा या संख्यांची बेरीज, हे त्यांनीच दाखवले. पण त्या माशांवरून त्यांनी कोणतीही तारीख काढली नाही.

आमचा खरा राग मात्र याहून निराळ्या गोष्टीसाठी आहे. भीतीच्या आकड्यांत गुंतलेल्या डोळ्यांना शास्त्रातले मागणीचे आकडे दिसेनासे होतात. शास्त्रात सात हा आकडा नुसता शोभेचा नाही. अनुवादाचा पंधरावा अध्याय सांगतो की दर सातव्या वर्षी धनकोने आपल्या बांधवाचे ऋण सोडावे. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजवंताला नकार देणे हे पाप. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात सात गुणिले सात वर्षे सरली की पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत. सात आणि बारा हे शास्त्रातले दोन थोर आकडे. आमच्याकडे ते एकत्र आले की सातबारा होतो, आणि तो कोरा व्हावा म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे टाहो फोडतो आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. (हे सहा मात्र मोजलेले सहा.)

क्षमा सात वेळा करावी काय, असे पेत्र विचारतो. प्रभू सातांच्या सत्तरपट सांगतो. उत्पत्तीत लामेखाने जो सत्याहत्तरपट सूड मागितला होता, तो येथे उलटा केला आहे. आणि लगेच दाखला येतो तो कर्जाचाच. एका चाकराचे देणे दहा हजार तालांत. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवस! वर्षाला तीनशे दिवस राबला तरी दोन लाख वर्षे. ते माफ झाले, आणि बाहेर पडून त्याने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिवसांच्या मजुरीसाठी. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे काय, हे २००५ च्या रोजगार हमी कायद्यातील शंभर दिवसांसाठी अर्ज केलेल्या आपल्या माणसांना कुणी समजावून सांगायला नको.

अमरावती धर्मप्रांताच्या या पश्चिम टोकाला आम्ही थोडे आहोत, हे मान्य. पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या जयंती वर्षासाठी काढलेल्या आज्ञापत्रात श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांची कर्जे सोडावीत असे मागितले. राष्ट्रांची कर्जे आपल्या हाती नाहीत. पण महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये विनापरवाना सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. कायद्याने घातलेली मुदत टळण्याआधी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. आपल्या धर्मग्रामांतून शिक्षक आहेत, निवृत्त कारकून आहेत, एखाददुसरा वकीलही आहे. पुढच्या बायबल अभ्यासवर्गात लेवीयचा पंचविसावा अध्याय वाचून झाला की अशा अर्जाचा एक नमुना त्यांनी वर्गात वाचून दाखवावा, आणि ज्याची जमीन गेली आहे त्याला सातबाऱ्याचा उतारा घेऊन यायला आधीच सांगून ठेवावे.