प्रयोगवही उतरवू नका!

मोबाइल फोनमध्ये ध्वनी कोठे असतो असे विचारले, तर तुम्ही कर्ण्याकडे बोट दाखवाल. पण त्याच्या रेडिओ भागातही एक ध्वनी असतो. तो कानांना ऐकू येत नाही, एवढेच!

हवेतून एकाच वेळी असंख्य रेडिओलहरी येत असतात. त्यांतील नेमकी हवी ती निवडण्यासाठी तिच्या वारंवारतेशी जुळणारा अनुस्पंदक लागतो. १०० कोटी हर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी ३० सेंटिमीटर असते. त्या मापाचा अनुस्पंदक खिशात मावणार कसा? म्हणून तिचे ध्वनीत रूपांतर करतात.

काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युत्भार येतो, हे क्यूरी बंधूंना १८८० साली आढळले. उलट, अशा स्फटिकाला विद्युत्दाब दिला की तो किंचित आकसतो, फुगतो. १९६५ साली व्हाइट आणि व्होल्टमर यांनी स्फटिकावर कंगव्याच्या दातांसारख्या धातूच्या पट्ट्या बसवून त्याच्या पृष्ठावरून ध्वनितरंग धाववले. अशा पृष्ठतरंगांचे गणित लॉर्ड रॅली यांनी १८८५ मध्येच मांडले होते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच जातीचे तरंग आमच्या जिल्ह्याच्या जमिनीतून गेले.

या तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ४,००० मीटर धरा. त्याला वारंवारतेने भागा. तरंगलांबी येते अवघी ४ मायक्रोमीटर, म्हणजे रेडिओलहरीच्या ७५,००० पटींनी लहान! प्रत्येक पट्टीची रुंदी तिच्या पाव, म्हणजे १ मायक्रोमीटर. पट्ट्यांमधील अंतर शेकडा एकाने चुकले, तर वारंवारता एक कोटी हर्ट्झने सरकते.

आता शाळेतील अनुनादनळी आठवा. ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवला की हवेचा स्तंभ सुमारे १६ सेंटिमीटर होताच आवाज घुमतो. हाही तरंगलांबीचा पाव भागच. सूत्र तेच, फक्त माप वेगळे.

मी कळंबला महाविद्यालयात शिकवतो. हे सूत्र न अडखळता म्हणणारी, पण नळी कधीच न हाताळलेली मुले दरवर्षी भेटतात. त्यांच्या वहीतील आकडे मात्र अगदी बरोबर असतात! मला यातच धोका दिसतो. असे अनुस्पंदक घडवायला सूत्र पाठ असणे पुरत नाही. चूक कोठे आणि किती झाली, हे मोजणारा हात लागतो. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेले आकडे तो हात घडवत नाहीत.

खेड्यात साधने कोठून आणायची, असे कोणी म्हणेल. बादलीभर पाणी, प्लॅस्टिकच्या नळाचा हातभर तुकडा आणि फुटपट्टी पुरे. नादकाटा नसेल तर मोबाइलवर ५१२ हर्ट्झचा स्वर लावा.

गुरुजनहो, विद्यार्थ्याचे उत्तर थोडे चुकले तरी चालेल, पण ते त्याने स्वतः मोजलेले असू द्या. गुण त्यालाच द्या.