‘आणा’ या क्रियापदाविरुद्ध

‘आपल्या कुटुंबाला ख्रिस्ताकडे आणा’ हे वाक्य आमच्या प्रार्थनासभांत इतक्या सहज बोललं जातं की त्यातलं ‘आणा’ कुणाला खटकत नाही. मी मराठी ख्रिस्ती बाई, लखनौबाहेर सीतापूर रस्त्यावर बख्शी का तालाबला राहते. मला ते खटकतं. बाजारातून भाजी आणतात. माणूस येतो, किंवा येत नाही.

या ‘आणण्या’ला आधार दिला जातो तो प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायाचा. फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक विश्वास ठेवतो आणि सगळ्या घराचा बाप्तिस्मा होतो. पाळकांनो, अध्याय पुरा वाचा. त्या रात्री वचन सांगितलं गेलं ते नायकाला आणि त्याच्या घरातल्या सर्वांना. बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्याच अध्यायात त्याच्याही आधी लुदिया भेटते, जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण. तिच्या घराण्याचाही बाप्तिस्मा होतो आणि नवऱ्याचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. घराचा पुढारी पुरुषच, हे मग कुठून काढलंत?

आम्हा मराठी ख्रिस्त्यांना तर याचा पुरावा घरातच आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. टिळक कवी, वक्ते, हट्टाचे पक्के. तरी स्वतःच्या बायकोला ते ‘आणू’ शकले नाहीत. मधली पाच वर्षं ताटातुटीची, रडारडीची, सोवळ्याओवळ्याची. बाईंनी जातीचा प्रश्न आपल्याच डोक्याने सोडवला आणि पाऊल टाकलं ते आपल्याच पायांनी. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे याच बाईंनी पूर्ण केलं. ओढून आणलेल्या बाईकडून फार तर नोंदवहीत अंगठा मिळाला असता.

हे वाचून चर्चबाहेरचे लोक टाळ्या वाजवणार असतील, तर त्यांनीही थांबावं. मी ज्या राज्यात राहते त्याचा २०२१चा धर्मांतरविरोधी कायदा हेच क्रियापद उलट्या बाजूने वापरतो. बेकायदा धर्मांतर करवणाऱ्याला शिक्षा आहे. धर्मांतर बाईचं असेल तर ती वाढते, जशी अल्पवयीन मुलाच्या बाबतीत वाढते. म्हणजे कायद्याच्या लेखी मी आणि शाळकरी पोर एकाच रांगेत. धर्म बदलायचा तर साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, मग माझा ‘खरा हेतू’ काय याची पोलिसांकरवी चौकशी. २०२४च्या दुरुस्तीनंतर तक्रार कुणीही करू शकतो. त्याचं माझ्याशी नातं असायला नको. आधीच्या धर्मात परतणं मात्र धर्मांतर धरलंच जात नाही. दार एकाच बाजूने उघडणारं!

जबरदस्तीचं आणि आमिषाचं धर्मांतर वाईटच. ते थांबवायलाच हवं. पण बाईला स्वतःचं मत असू शकतं, हे न मानता ते थांबवणं म्हणजे एका जबरदस्तीच्या जागी दुसरी बसवणं. लक्ष्मीबाईंना पाच वर्षं लागली ती स्वतःशी भांडायला. त्या भांडणाचा पंचनामा कोणता हवालदार लिहिणार होता?

पाळक म्हणतो, नवऱ्यामागून ये. सरकार म्हणतं, नवऱ्यामागून गेली असशील. दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: ही स्वतःहून कुठे जात नसते.

मग विश्वास ठेवणाऱ्याने घरच्यांसाठी काही करूच नये का? करावं की. रविवारी उपासनेला स्वतः जावं, घरी आल्यावर आवाज चढवू नये, पगाराचा हिशेब लपवू नये, सासूच्या देवघराला हात लावू नये, मुलांनी विचारलं तर खरं सांगावं. टिळकांनी अखेरच्या काळात मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. एवढी ऐसपैस जागा आपल्या ओसरीवर तरी असावी. कुणी पाच वर्षांनी येईल, कुणी कधीच येणार नाही. जो येणार नाही त्याचंही ताट रोज वाढलं जातं की नाही, यावरून त्या घरातला ख्रिस्त ओळखावा.